पिवळा तेवढा जावयाचा

बंद वस्तू दिसली की तिच्या आत काय आहे हे बघितल्याशिवाय जावईबापूंना घास गोड लागत नसे. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेले, तेव्हा सगळे गप्पा मारत बसले होते आणि हे भिंतीवरचं घड्याळ मांडीवर घेऊन बसले होते. ते घड्याळ तेव्हापासून बंद आहे. घरात त्याचा विषय कुणी काढत नाही, पण बघतात सगळे.

तरीही सासूबाईंनी त्यांच्या हाती रेडिओ दिला, म्हणजे बघा! रेडिओ सासऱ्यांचा. ते गेले त्यानंतर काही दिवसांतच तोही मुका झाला आणि कोपऱ्यात बसला. धाकट्या मेव्हण्याचा त्याच्यावर केव्हापासून डोळा होता. आतलं सगळं काढून फेकायचं आणि मोबाइलवर चालणारा स्पीकर बसवायचा, असा त्याचा बेत. "खोकं जुनं, आवाज नवा," असं तो म्हणाला की जावईबापूंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"रविवारपर्यंत वाजवून दाखवतो, आई," जावईबापू म्हणाले. "माझ्या डाव्या हातचा मळ आहे."

"न्या," सासूबाई म्हणाल्या. "पण आतली एकसुद्धा वस्तू बदलायची नाही. सगळं ह्यांच्या वेळचं आहे. नाही वाजला तर हा घेऊन जाईल, आणि मग मी कुणाला अडवणार नाही."

घरी आल्या आल्या जावईबापूंनी मागचा पुठ्ठा काढला, आत डोकावले आणि जेवायचं विसरले. तारांच्या गुंत्यात बोटाएवढ्या मेणकट नळ्या लटकत होत्या. ते कपॅसिटर. पुठ्ठ्याची नळी, आत कागद आणि चंदेरी वर्ख यांची गुंडाळी, वरून मेण. इतक्या वर्षांत आतला कागद कुजला होता आणि रेडिओची वाचा तिथंच बसली होती. नळ्या बदलाव्यात तर शब्द मोडतो, न बदलाव्यात तर रेडिओ मेव्हण्याच्या घशात. इकडे आड, तिकडे विहीर.

पण जावईबापूंच्या डोक्यात एक युक्ती आली आणि ते एकटेच हसले. नळी गरम करायची, आतली गुंडाळी ढकलून बाहेर काढायची, तिथं नवा छोटा पिवळा कपॅसिटर सरकवायचा आणि तोंडं जुन्याच मेणानं बंद करायची. बाहेरून कुणाच्या बापाला कळणार नाही!

बायकोला केस वाळवायचं यंत्र सापडेना, म्हणून ती शोधत आली. ते नवऱ्याच्या हातात होतं आणि शेजारी तिच्या दुधाच्या पातेल्यात मेण वितळत होतं.

"अहो, आई काहीही बदलायचं नाही म्हणाली होती ना?"

"बदलतोय कुठं? कवच तेच आहे."

"आणि आत?"

"आतलं नवं."

"मग माझा भाऊ तरी वेगळं काय म्हणत होता?"

"त्याचं खोकं मोठं आहे," जावईबापू म्हणाले आणि पुन्हा नळी गरम करू लागले.

काम मात्र असं झालं की बघत राहावं. नव्या मेणावर त्यांनी कपाटाखालची धूळसुद्धा चोळली. झालेल्या नळ्या डावीकडे, राहिलेल्या उजवीकडे. शेवटच्या काही राहिल्या असताना ते हात धुवायला गेले आणि तेवढ्यात बायकोनं भाजी निवडायला टेबल मोकळं केलं. सगळ्या नळ्या एका ताटलीत.

जावईबापूंनी एकेक उचलून पाहिली, हुंगली, कानाशी हलवली. नवी-जुनी ओळखू येईना. आपल्याच हातानं आपल्याला फसवलं, याचा त्यांना अभिमानच वाटला.

"मीटर लावून मोजा की," बायको म्हणाली.

"मोजायचं कशाला? स्वतःचं काम मी डोळे मिटून ओळखतो." आणि त्यांनी खरंच डोळे मिटून, बोटांनी चाचपून वाटणी केली. उजवीकडे आल्या तेवढ्या भरल्या आणि सगळ्या नळ्या रेडिओत परत जोडल्या.

रविवारी सासूबाईंच्या खोलीत सगळे जमले. जावईबापूंनी बटण फिरवलं. आतले दिवे हळूहळू लाल झाले, थोडी खरखर झाली आणि एक बाई बातम्या सांगू लागली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मागं एक बारीक गुणगुण मात्र होती. ती कुठून येते याचं जावईबापूंना फार कुतूहल वाटलं.

मेव्हण्यानं मागून डोकावून पाहिलं. "दाजी, आत तर सगळं जसंच्या तसं आहे. धूळसुद्धा."

"हो ना?" जावईबापू खुशीत म्हणाले.

"म्हणजे तुम्ही काहीच केलं नाहीत. नुसता प्लग पुसला आणि आठवडाभर मिरवलात."

"असू दे रे," सासूबाई म्हणाल्या. "नसेल केलं काही. शब्द पाळला, ते काय कमी आहे?"

इथं गप्प बसले असते तर गंगेत घोडं न्हालं असतं. बायको डोळे वटारून तेच सांगत होती. पण एवढी कला आणि तिला 'प्लग पुसला' म्हणायचं? त्यांनी ताडकन प्लग काढला, आतला साठलेला करंट तारेनं उतरवला, हाताला लागली ती नळी कापून घेतली आणि सगळ्यांसमोर पक्कडीनं फोडली.

"बघा आत काय आहे ते!"

आतून कुजका तपकिरी कागद आणि चंदेरी वर्ख निघाला आणि सुरळी उलगडत सासूबाईंच्या मांडीवर पडला.

गुणगुण कुठून येत होती ते जावईबापूंना आता कळलं.

मेव्हण्यानं टाळी वाजवली. सासूबाईंनी मात्र तो कागद हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. "जुनाच आहे हो," त्या म्हणाल्या. "रेडिओला मेणाचा ताजा वास आला तेव्हा मला तुमची शंका आली होती, जावईबापू. चुकलं माझं. रेडिओ इथंच राहील. कुणी नेणार नाही."

जावईबापूंनी तोंड उघडलं. बायकोनं त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी तोंड मिटलं.

"आता हा एक फोडलात, तर ह्याच्या जागी नवा घाला," सासूबाई म्हणाल्या. "पण लपवाछपवी नको. नवा तो नवाच दिसू दे."

जावईबापूंनी तसंच केलं. आता गुणगुण बंद झालीय आणि रेडिओ सकाळ-संध्याकाळ खणखणीत वाजतो. कुणी पाहुणा आला की सासूबाई त्याला हाताला धरून रेडिओच्या मागं नेतात.

"हे सगळं ह्यांच्या वेळचं. अजून कसं ठणठणीत आहे बघा. तो पिवळा तेवढा जावयाचा. बाकी कशाला हात लावू दिला नाही मी त्यांना," त्या म्हणतात, आणि मग भिंतीकडे बघतात. "घड्याळ लक्षात आहे माझ्या."