दक्ष भुवया

मावशीच्या पार्लरमध्ये मराठीच्या बाई डोळे मिटून खुर्चीत रेलल्या होत्या. त्यांच्या विरळ, पिकलेल्या भुवयांवर रंगाचा लेप होता. शेजारी रेडिओ उभी होती. रेडिओ म्हणजे मावशीची नववीतली भाची. तोंड मिटून बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं, म्हणून हे नाव.

"मी गच्चीवरचे टॉवेल घेऊन येते," मावशी म्हणाली. "या घड्याळाची घंटी वाजली की रंग ओल्या कापसाने लगेच पुसायचा. लक्ष ठेव गं बाई."

"मावशी, मी काय कुक्कुलं बाळ आहे का?"

मावशी गेली आणि रेडिओला घबाड मिळाल्यासारखं झालं. उद्याच्या परिपाठात 'आजचा शब्द' कुणी सांगायचा, हे बाईच ठरवणार होत्या. शब्द होता 'दक्ष'. तिने आरशासमोर घसा सुकेपर्यंत तयारी केली होती आणि आता बाई आयत्या समोर, तेही उठून जाता येणार नाही अशा अवस्थेत.

"बाई, म्हणून दाखवू?"

"दाखव. फक्त हसवू नकोस, रंग ओघळेल."

"कवायतीत दक्ष म्हणजे टाचा जुळवायच्या. पण खरं दक्ष असणं वेगळं. सावध माणूस स्वतःला जपतो. दक्ष माणूस त्याच्यावर सोपवलेलं काम जपतो."

नेमकी तेव्हाच घंटी वाजली. रेडिओने बोलता बोलता हात लांब करून ती बंद केली आणि उदाहरणांकडे वळली. दवाखान्यातली नर्स झाली, रेल्वेचा फाटकवाला झाला, गोलकीपर तर दोनदा झाला.

"वा," बाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "उद्या तूच बोल."

मावशी आली, तिने बाईंकडे पाहिलं आणि टॉवेलांचा ढीग तिच्या हातातून खाली पडला.

कापूस झाला, साबण झाला, तेल चोळून झालं. भुवया डांबरासारख्या काळ्या त्या काळ्याच. बाईंनी आरशात पाहिलं आणि पर्स उचलली. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं, असं रेडिओला वाटलं.

सकाळी तिने मंचामागे बाईंना गाठलं. "बाई, दुसऱ्या कुणाला तरी सांगा ना."

"का? पाठ नाही?"

"पाठच आहे. तेवढंच आहे."

"मग जा."

ती खाली मान घालून बोलली. मैदानावर एवढी शांतता कधीच नसायची. शेवटी तिने धीर करून वर पाहिलं. सगळी शाळा माना वळवून, मंचाच्या कडेला उभ्या असलेल्या बाईंच्या भुवया बघत होती.

"दक्ष म्हणजे काय, कोण सांगेल?" बाईंनी विचारलं.

पाचवीतली एक मुलगी उठली. "बाई, आमचं तिकडे लक्षच नव्हतं."

रेडिओचे कान तापले. बाई शांतपणे चालत आल्या आणि तिला खेटून उभ्या राहिल्या.

"पुन्हा सांग," त्या हळूच म्हणाल्या. "मी इथेच थांबते. निदान सगळे या बाजूला तरी बघतील."