बाई नसलेल्या घरातल्या टिकल्या

ऋषीनं ठरवून टाकलं होतं, की या रविवारी काहीही झालं तरी दात आवळायचे नाहीत! बाकी तयारी चोख होती. सोफ्याला नवं कव्हर, फ्रीजमध्ये संत्र्याची बर्फी, पोह्यांवर घ्यायला झणझणीत रश्शाची तर्री वेगळी. अकरा वाजता कन्हानहून गुंजन आणि तिच्या घरची मंडळी मुलगा पाहायला येणार होती. मुलगा म्हणजे खुद्द ऋषी, वय बत्तीस, कळमेश्वरच्या एका कारखान्यात माल तपासणारा. नापास करायचा माल तो लांबूनच ओळखायचा. त्यामुळे आपल्याला कोणी नापास करेल, अशी शंकाही त्याला येत नव्हती.

गुंजन तीन आठवड्यांपासून फोनवर बोलत होती आणि ऋषीला ती मनापासून आवडली होती. फक्त एक गोष्ट त्यानं तिला सांगितली नव्हती. त्याच्या दातांना तारा होत्या. या वयात तारा लावलेला नवरदेव पाहून ती हसेल, ही त्याची धास्ती. तारा आतून, जिभेच्या बाजूनं बसवलेल्या होत्या, बाहेरून दिसायच्या नाहीत. तिनं विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही, असं तो स्वतःला समजवायचा.

भानगड अशी, की दोन महिन्यांत दातांवर गोंदानं चिकटवलेले, तार धरून ठेवणारे दोन ब्रॅकेट निघून हातात आले होते. ऋषीला पहिला संशय आला तो दातांच्या डॉक्टर भैरवींच्या गोंदावर.

"मॅडम, गोंदाची तारीख पाहू का जरा?"

"गोंद चांगला आहे. तुम्ही दिवसभर दात आवळून राहिले."

"मी कुठं आवळून राहिलो?" ऋषी दात आवळून म्हणाला.

डॉक्टरांनी उपाय सांगितला. जिथं जिथं नजर जाते तिथं एक रंगीत ठिपका लावायचा. ठिपका दिसला की ओठ मिटलेले ठेवून दात सुटे करायचे. तिसरा ब्रॅकेट निघाला तर तारा आणखी सहा महिने राहतील, असा दमही दिला.

आता ठिपके आणायचे कुठून? ऋषीनं कोपऱ्यावरच्या बांगड्यांच्या दुकानातून टिकल्यांचं पाकीट घेतलं. साध्या, गोल, हिरव्या.

"कोणाले पाहिजेत?" दुकानवाल्या बाईनं विचारलं.

"मलेच."

तो गल्लीच्या टोकापर्यंत जाईस्तोवर ती पाहत होती.

ऋषीची आई जाऊन आठ वर्षं झाली होती. घरात वडील मधुकरराव आणि तो, दोघंच. ऋषीनं बाथरूमच्या आरशावर, फ्रीजवर, नळावर, स्कूटरच्या हँडलवर, टीव्हीच्या रिमोटवर टिकल्या चिकटवल्या. रविवारी सकाळी बैठकीतल्या तेवढ्या काढून टाकल्या. पाहुणे आत कशाला जातील, असा त्याचा अंदाज.

पण गुंजनची आत्या, रुख्मिणीबाई, आत जाण्यासाठीच आली होती. पाणी पिऊन झाल्याबरोबर ती "हात धुऊन येतो" म्हणाली आणि उठली. हात धुवायला तिला बारा मिनिटं लागली. परत आली तेव्हा तिच्या चार बोटांच्या टोकांवर चार हिरव्या टिकल्या होत्या.

"घरात बाई कोण राहते?"

"कोणीच नाही," मधुकरराव म्हणाले. "मी अन् माहा पोरगा."

"मग ह्या कोणाच्या? आरशावर टिकली, फ्रीजवर टिकली, नळावर टिकली. आमच्या घरी चार बाया आहेत, पण इतक्या टिकल्या नाहीत."

गुंजनचे वडील बाबाराव यांनी हातातला ग्लास खाली ठेवला. गुंजन ऋषीकडे पाहू लागली. ऋषीचे दात घट्ट बसले.

"स्वयंपाकवालीच्या असतील," तो कसाबसा बोलला.

"बोलवा तिले."

तेवढ्यात आतून पोह्यांच्या प्लेटा घेऊन स्वयंपाकवाला आला. त्याचं नाव गोविंदा आणि त्याला चांगल्या भरघोस मिशा होत्या.

"ही का तुमची स्वयंपाकवाली?" रुख्मिणीबाईनं विचारलं.

मधुकररावांना पोराची दया आली. ते घसा खाकरून म्हणाले, "पोरावर संशय नका घेऊ. त्या टिकल्या माह्या आहेत."

गोविंदानं प्लेटा ठेवल्या आणि तो मागे न पाहता आत निघून गेला. बाबाराव सोफ्यावर मधुकररावांपासून जरा लांब सरकले.

"ऋषी," गुंजन हळू म्हणाली, "कोणी असेल तर आताच सांगा. आता फक्त वाईट वाटेल. नंतर कळलं तर लय राग येईल."

ऋषीला रडू यायचं तेवढं बाकी होतं. इतकी चांगली मुलगी आठ रुपयांच्या पाकिटापायी हातची चालली होती! त्यानं आणखी जोरानं दात आवळले आणि तोंडात कट्ट झालं. त्यानं दोन बोटांनी तिसरा ब्रॅकेट बाहेर काढला आणि बशीत ठेवला.

"हे काय हो?" बाबारावांनी विचारलं.

मग ऋषीनं सगळं सांगितलं. तारा, दात आवळणं, ठिपके, बांगड्यांचं दुकान. रुख्मिणीबाईचा विश्वास बसेना. तिनं त्याला मान मागे टाकायला लावली, मोबाईलचा टॉर्च लावला आणि दात नीट पाहिले. मग बाबारावांनी पाहिले. गोविंदाही दारातून डोकावून गेला.

"खरंच हाये वं," आत्या गुंजनला म्हणाली.

गुंजन हसायला लागली. "अहो, फोनवर तुमची जीभ जड लागे. मले वाटे तुम्ही पिता. तीन आठवडे मी त्याच काळजीत होती. हे तर काहीच नाही!"

ऋषीचा जीव भांड्यात पडला. सगळ्यांनी पोह्यांच्या प्लेटा उचलल्या, तर्री फिरली, बाबारावांनी बर्फी दुसऱ्यांदा घेतली.

"तुह्या टिकल्या हिरव्याच ना?" रुख्मिणीबाईनं खाता खाता विचारलं.

"हो आत्या. सगळ्या एकाच पाकिटातल्या."

"मग ही कोणाची?"

आता तिनं अंगठा पुढं केला. त्यावर लाल, थेंबाच्या आकाराची, वर बारीक खडा असलेली टिकली होती.

"मागच्या खोलीत, कपाटाच्या आरशावर होती."

मागची खोली मधुकररावांची. तिथं ऋषीनं एकही टिकली लावली नव्हती. त्यानं वडिलांकडे पाहिलं. मधुकरराव पोह्यांतले शेंगदाणे वेचत होते आणि पोह्यांत शेंगदाणे नव्हतेच. त्या क्षणी ऋषीचे दात, डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून कितीतरी जास्त, सुटे झाले.

निघताना बाबारावांनी दारात ऋषीचा हात हातात घेतला.

"पोरगा आमाले पसंत आहे," ते म्हणाले आणि मग आवाज खाली आणून पुढं बोलले, "वडिलांची जराशी चौकशी करून कळवतो."