थोरली, मधली, धाकटी आणि पंप एकच

या, असे जवळ सरका. मागे बसलेल्यांनीही पुढे यावं, ही गोष्ट लांबून ऐकायची नव्हे. देवाने माणसाला दोन हात दिले, एक तोंड दिलं, आणि वर थोडा तोरा फुकट दिला. त्या तोऱ्यापायी गोदीतला एक सज्जन मिस्त्री भर दुपारी अधांतरी कसा लटकला, आणि लटकूनही कुणाच्या बापाला कसा भ्याला नाही, ते आज सांगायचंय. ऐकाल तर पोट धरून हसाल, आणि हसता हसता हात आपोआप जुळले तर ते सोडवू नका.

तर मंडळी, गोदीच्या धक्क्याला तीन युद्धनौका एका रांगेत बांधलेल्या होत्या. तिघी एकाच साली पाण्यात उतरलेल्या, तिघींचं वय एक्केचाळीस. गोदीतली माणसं त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणत. रंग असा चकचकीत, की आरशाची गरज नाही! पण रंगाच्या आत काय, ते फक्त मिस्त्रींना ठाऊक.

जुन्या बोटीच्या पोटात पाणी झिरपतंच. ते उपसून समुद्रात फेकायला डेकवर एक मोठा पंप असतो. प्रत्येक बोटीला एक, असं कागद म्हणत. प्रत्यक्षात तिघींत मिळून एक! बाकीचे दोन नऊ वर्षांपूर्वी एका ठेकेदाराकडे दुरुस्तीला गेले, ते तिथेच रमले. त्यांच्या दुरुस्तीचा खर्च मात्र संसदेत दरसाल न चुकता मंजूर होई. बोटी धक्क्याला बांधलेल्या, त्यामुळे उरलेला पंप क्रेनने उचलून आळीपाळीने तिघींचं पाणी उपसत असे. तपासणी आली की जिथे तपासणी, तिथे पंप. आणि ही हलवाहलव करण्यात आमच्या मिस्त्रींचा हात धरणारा कुणी नव्हता.

"आज संसदेची समिती येतेय," मिस्त्रींनी सकाळी बुटाची नाडी आवळत बायकोला सांगितलं. "जुन्या बोटींच्या दुरुस्तीवर इतका खर्च कशाला, ते बघायला. सात खासदार! पण एकाला पत्ता लागेल तर शपथ. चार बोल्ट, दोन नळ्या, एक केबल. अठरा मिनिटांत पंप या बोटीवरून त्या बोटीवर! आणि चहाला लागतात पंचवीस. थोरलीवर पंप, मग चहा. मधलीवर पंप, मग चहा. धाकटीवर पंप, आणि टाळ्या!"

"अहो, पण ही फसवणूक नाही का?"

"फसवणूक? कारागिरी म्हणतात हिला, कारागिरी! समितीने नापास केलं तर तिघी भंगारात जातील, आणि आमचं साठ माणसांचं वर्कशॉप त्यांच्या मागोमाग."

"आणि धाकटीवर आपले जावई आहेत, ते?"

"बोट धक्क्याला बांधलेली आहे गं. बांधलेल्या बोटीत कोण बुडतं?"

लेकीला सातवा महिना लागला होता, म्हणून ती माहेरी आली होती. जावई धाकटीच्या इंजिनरूममध्ये. बायकोने हात जोडले. देवाला की नवऱ्याला, ते तिचं तिलाच माहीत.

अकरा वाजता समिती आली. पुढे अध्यक्षबाई, पांढऱ्या केसांच्या, मऊ आवाजाच्या, हातात वही. मागे एक जाडजूड खासदार, ज्यांचं सगळं लक्ष धक्क्यावरच्या चहाच्या तंबूकडे. बाजूला गोदीचे मोठे साहेब, हसून हसून ज्यांचे गाल दुखायला आले होते.

थोरलीवर मिस्त्रींनी बटण दाबलं. पंप असा गरजला, की पाण्याची धार थेट समुद्रात! थोडे तुषार अध्यक्षबाईंच्या चष्म्यावर उडाले. त्यांनी चष्मा काढला, पंपावर ठेवला, पदराने डोळे टिपले आणि साहेबांनी त्यांना अदबीने चहाकडे वळवलं.

"चला रे!" मिस्त्री ओरडले. बोल्टवर पाने फिरले, नळ्या सुटल्या, क्रेनचा आकडा खाली आला. सतराव्या मिनिटाला पंप मधलीवर! मिस्त्रींनी कपाळावरचा घाम असा झटकला, जणू आत्ताच कुणी त्यांच्या गळ्यात पदक घातलंय.

समिती मधलीवर आली. अध्यक्षबाई वही उघडून थबकल्या. "अगं बाई, माझा चष्मा त्या बोटीवरच राहिला."

आणि चष्मा त्यांच्या समोर! पंपावर! जसा ठेवला तसा, दांड्या पसरून, जगाकडे टकमक बघत!

मोठ्या साहेबांचं हसू गालांवर तसंच राहिलं, आतला माणूस मात्र निघून गेला.

"मीच पुढे पाठवला, बाई," मिस्त्री म्हणाले. "म्हटलं, तुमचा खोळंबा नको."

"किती दक्ष माणसं!" बाईंनी वहीत लिहूनही घेतलं.

जाडजूड खासदारांनी पंपावर हात टेकला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. बसलाच होता! "अहो, हा अजून चालू केला नाही ना? मग इतका तापलाय कसा?"

"ऊन काय कमी आहे का, साहेब!"

आभाळ गच्च भरलेलं होतं. पण खासदार तंबूकडे बघत होते, आभाळाकडे नाही. पुन्हा धार, पुन्हा टाळ्या, पुन्हा चहा. मिस्त्रींची छाती इतकी फुगली की शर्टाचं वरचं बटण तुटून समुद्रात गेलं.

त्यांच्या माणसांनी बोल्ट आणि नळ्या काढल्या होत्या. क्रेनचा आकडा पंपात अडकला होता. तेवढ्यात तंबूतला लाउडस्पीकर खरखरला आणि अध्यक्षबाईंचा आवाज साऱ्या धक्क्यावर पसरला.

"दोन बोटी पाहून समितीचं पूर्ण समाधान झालं आहे. तिसरी पाहायची गरज नाही. मात्र एक शंका आहे. इतक्या उत्तम अवस्थेतल्या बोटी बांधून का ठेवल्या आहेत?"

मागोमाग मोठ्या साहेबांचा आवाज, आनंदाने चिरका झालेला. "बांधून कशाला? सोमवारीच तिघींना खोल समुद्रात पाठवतो, सरावासाठी! तीन आठवडे!"

"मिस्त्री, जिंकलो!" माणसं नाचायला लागली.

मिस्त्रींच्या हातातला पाना गळून पायावर पडला. पाय दुखल्याचंही त्यांना कळलं नाही. सोमवार. खोल समुद्र. तीन बोटी, एक पंप, आणि तिथे क्रेन कुठून आणणार? त्यातही धाकटीला गळती सगळ्यांत जास्त. तिच्या इंजिनरूममध्ये उभ्या माणसाच्या घोट्याला तासाभरात पाणी लागतं, हे त्यांनी स्वतः मोजलेलं.

ते लंगडत खाली उतरले आणि साहेबांना त्यांनी तंबूच्या मागे गाठलं. "साहेब, सांगून टाका त्यांना. पंप एकच आहे."

"हळू बोल! सोमवारचं सोमवारी बघू."

"बोटी सोमवारीच जाणार आहेत."

"मग एकीवर पंप ठेव."

"आणि बाकीच्या दोघी?"

"त्यांना सांगू, जपून जा म्हणून."

"जपून? समुद्राला सांगणार का जपून, की बोटीला?"

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझा जावई धाकटीवर आहे ना? मग पंप धाकटीवर ठेव. झालं? घरी जा, लेकीला सांग, काळजी करू नकोस. आणि तोंड उघडलंस तर पेन्शन विसर."

खोटं कशाला सांगू, मंडळी? क्षणभर मिस्त्रींना वाटलं, घ्यावं पदरात. लेक डोळ्यांपुढे आली. होकारासाठी मान हलायला लागलीही होती. तोच त्यांची नजर थोरलीकडे गेली. तिचा स्वयंपाकी कठड्याला टेकून कांदे सोलत होता आणि स्वतःशीच गुणगुणत होता. मधलीवर दोघं दोरखंड गुंडाळत एकमेकांची थट्टा करत होते. हेही कुणाचे तरी जावईच की! यांच्यासाठी कोणत्या मिस्त्रीने मान हलवायची?

देव कुठे आणि कुणाच्या रूपाने दिसेल, सांगता येत नाही. मिस्त्रींना तो कांदे सोलताना दिसला.

"नाही," ते म्हणाले.

"काय नाही?"

"पंप धाकटीवर जाणार नाही. थोरलीवर नाही, मधलीवर नाही. पंप चहाला जाणार!"

आणि साहेबांना कळायच्या आत मिस्त्री मधलीवर चढले, पंपावर मांडी ठोकून बसले, साखळी धरली आणि शिट्टी वाजवली.

क्रेन चालवणारा वीस वर्षं वरच्या केबिनमध्ये बसून बसून गोदीत 'घार' झाला होता. तिथे वर त्याला शब्द ऐकू येत नसत. शिट्टी झाली की उचलायचं, मग हाताच्या खुणा बघायच्या, एवढंच त्याला ठाऊक. त्याने उचललं.

तंबूपुढे उघड्यावर मांडलेल्या चहाच्या टेबलाशी बसलेल्या खासदारांनी वर पाहिलं. आभाळातून एक मिस्त्री येत होता!

"ऐका हो खासदार!" मिस्त्री वरून गरजले. "तीन बोटींना पंप एकच आहे! एकच!" आणि त्यांनी हाताचं एक बोट उंच केलं.

आता गोदीच्या खुणांमध्ये बोट उंच म्हणजे 'अजून उचल'. घारीने इमाने इतबारे अजून उचललं.

"एकच आहे म्हणतो ना! एक!"

आणखी वर. सत्य सांगावं तितका माणूस जमिनीपासून दूर! मिस्त्रींनी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि दोन्ही हातांनी खाली खूण केली. पंप सरसरत आला आणि चहाच्या टेबलावर बसला. टेबल, सोळा कप आणि बिस्किटांची एक थाळी यांनी जागच्या जागी देह ठेवला. जाडजूड खासदारांना तेवढं मात्र फार लागलं.

"बाई, हा वेडा झालाय!" मोठे साहेब धावत आले. "फाइलमध्ये तीन पंप आहेत, तीन!"

"मग फाइल लावा डेकवर आणि तिला नळ्या जोडा!" मिस्त्री पंपावरूनच म्हणाले. "बघू किती पाणी उपसते!"

अध्यक्षबाई वही मिटून चालत थोरलीवर गेल्या. जिथे पंप पाहिला होता तिथे चार मोकळी भोकं आणि ओलं वर्तुळ. मधलीवर गेल्या. तिथेही चार भोकं, तिथेही ओलं वर्तुळ. परत आल्या तेव्हा त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

"म्हणजे माझा चष्मा तुम्ही पुढे पाठवला नव्हता."

"नाही बाई. तो पंपाबरोबर आला. मी खोटं बोललो."

"तुम्ही समितीला फसवलंत, हे कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. नऊ वर्षं फसवतोय! पण बाई, तुम्हीही नऊ वर्षं सह्या करताय. दोन पंपांची दुरुस्ती नऊ वर्षं चाललीय, आणि एकदाही कुणाला वाटलं नाही, ते पंप कसे दिसतात ते तरी बघावं? आज बघायला आलात, तर रंग पाहिलात, धार पाहिलीत, चहा प्यालात. कुणी एकाने वाकून बोटीच्या पोटात डोकावलं? मला शिक्षा करायची ती करा. पेन्शन घ्या, वर्कशॉपला कुलूप घाला. पण सोमवारी या तिघी सुटल्या, तर मी या पंपावरून उठणार नाही. मला घेऊन जावं लागेल, आणि मी एकीवरच मावतो!"

फुटक्या कपातून चहा ठिबकत होता.

अध्यक्षबाईंनी वही उघडली, सकाळपासून लिहिलेली पानं एकेक करून फाडली आणि विचारलं, "बोटीच्या पोटात जायला शिडी कुठून आहे?"

त्या दुपारी सात खासदार धाकटीच्या पोटात उतरले. जाडजूड खासदार घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहिले आणि पहिल्यांदाच त्यांना चहाच्या तंबूची आठवण झाली नाही.

निकाल झाला तो असा. प्रत्येकीवर आपापला पंप बसेपर्यंत एकही बोट धक्का सोडणार नाही. पुढची तपासणी चहाशिवाय. ठेकेदाराचं गोदाम उघडलं, तेव्हा दोन्ही पंप सुखरूप सापडले, एकात कोंबडीने अंडी घातली होती. ते दुरुस्तीला आले मिस्त्रींच्याच वर्कशॉपमध्ये, म्हणून साठ माणसांची चूल पेटती राहिली. मोठ्या साहेबांची बदली झाली, पण जाता जाता त्यांनी मिस्त्रींना मेमो दिलाच, 'क्रेनने विनापरवाना प्रवास केल्याबद्दल खुलासा करावा.' मिस्त्रींनी खाली लिहून दिलं, 'प्रवास सरकारी कामासाठी केला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. परतीचं भाडं मागत नाही, चालत आलो.'

आता तुम्हाला वाटेल, घरी ओवाळणी झाली असेल. छे! जावई दाराशीच तोंड फुगवून उभे होते. "मामा, जन्मात पहिल्यांदा खोल समुद्र बघायला मिळणार होता! तेवढीच संधी होती, तीही तुम्ही घालवलीत!" आणि बोट बंद म्हणून सुट्टी मिळालेले ते जावई पुढचे दोन महिने सासुरवाडीलाच राहिले, रोज सकाळी मिस्त्रींना मोरीचा नळ कसा दुरुस्त करावा ते शिकवत. मिस्त्री सगळं निमूट ऐकून घेत. मोठ्या साहेबांना न भ्यालेला माणूस, पण जावयापुढे काय बोलणार?

दोन महिन्यांनी नात झाली. जावई घरी होते, म्हणून त्यांनीच तिला पहिल्यांदा हातात घेतलं.

समितीचा अहवाल पुढे छापून आला. जाडच्या जाड. त्यात मिस्त्रींविषयी एकच ओळ आहे, 'एका साक्षीदाराने उंचावरून निवेदन केले.' एवढंच! तेव्हा मंडळी, अहवाल विसरला तरी तुम्ही विसरू नका. रात्री देवापुढे दिवा लावाल, तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की, मान हलवायला निघालेल्या आणि मध्येच थांबलेल्या त्या लंगड्या मिस्त्रींचीही एकदा आठवण काढा.