मोरघारीच्या जेवणाचा पंचनामा

सन १९४४च्या फाल्गुनात, नगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाच्या रानात, एक मोरघार काय खाते याचा पंचनामा करावा असा हुकूम निघाला. कारण सरळ होतं. लढाईसाठी लाकूड हवं होतं, बेहड्याचं एक जुनं झाड तोडणीच्या यादीत होतं आणि त्याच्या शेंड्यावर या रानगरुडाचं घरटं होतं. घरट्यात एकुलतं एक पिल्लू. पक्षी शेतीस उपयुक्त असल्यास झाड राखावे, नसल्यास तोडावे, एवढंच वरून आलं होतं.

हे सगळं ओढवून घेतलं होतं जंगलखात्याच्या रखवालदाराने, गोरक्षाने. त्या पिल्लावर त्याचा भलता जीव. महिनाभरात ते उडेल, तोवर झाड राहू द्या, असा अर्ज त्याने केला आणि स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

तालुक्याहून अव्वल कारकून नृसिंहराव आले. झाडाखाली सतरंजी अंथरली गेली, दौत उघडली. "पंच पाच हवेत," ते म्हणाले. आले दीडशे. सरकारी कामात पक्ष्याचं जेवण बघायला मिळणार म्हटल्यावर घरी कोण बसतो? गावातल्या पुष्पावतीबाईंनी तिथेच चूल मांडून भजी तळायला घेतली.

मोरघार दिवसातून दोनदा येई. पंजात कधी रानकोंबडा, कधी शेकरू. खालची जत्रा बघून ती तशीच माघारी फिरे. पिल्लू ओरडून ओरडून दमलं. तिसऱ्या दिवशी त्याचा आवाज इतका बारीक झाला, की गोरक्ष हातातली भाकर ठेवून सतरंजीपाशी आला. नृसिंहरावांनी लिहिलं, 'पक्षी काहीही खात नाही. धान्यटंचाईच्या काळात हे वर्तन अनुकरणीय आहे.'

"रावसाहेब, मानसं हलवा. मंग खाईल ती."

"माणसं हलवली तर खाताना पाहणार कोण?"

"मी बघतो की!"

"तू एकटा. कायद्याला पाच लागतात."

"मंग पाच ठिवा, बाकीच्यास्नी घालवा."

"कोणते पाच, हे ठरवायला सभा घ्यावी लागेल."

सभा झाली. झाडाखालीच झाली. अध्यक्षस्थानी गावचे कारभारी पाटील. वरच्या आळीचे तीन पंच घेतले तर खालच्या आळीचे तीन का नकोत, यावर दुपार गेली. शेवटी अकरा पंच, अकरा राखीव पंच आणि दोन्ही बाजूंचे देखरेखवाले नेमून सभा भज्यांवर उठली. गर्दी तसूभर कमी झाली नाही.

चौथ्या दिवशी नृसिंहरावांनी निष्कर्ष काढला. पक्षी उंदीर खात नाही, म्हणजे उपयुक्त नाही. जो काहीच खात नाही त्याला जगवण्यासाठी सरकारने झाड का राखावे? सबब झाड आजच तोडावे. कुऱ्हाडवाले पुढे आले.

गोरक्षाच्या डोक्यात तिडीक गेली. तो झाडीत शिरला आणि पलीकडून बोंब मारत धावत आला. "वाघ! वाघ आलाय! पठारावर गाय खातोय, ह्या डोळ्यांनी बघितला!"

त्याला वाटलं, लोक घराकडे पळतील. लोक वाघाकडे पळाले! भज्याची कढई निघाली, पाटील निघाले, बावीस पंच निघाले. नृसिंहरावांनी दौतीला बूच लावलं. "वाघाच्या आहाराचा पंचनामा स्वतंत्र करावा लागेल," म्हणत त्यांनी कुऱ्हाडवाल्यांनाही संरक्षणासाठी बरोबर घेतलं.

अर्ध्या तासात मोरघार रानकोंबडा घेऊन उतरली. पिल्लाने पहिला घास गिळला तसा गोरक्ष खाली एकटाच नाचायला लागला. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्याला भान नव्हतं. वाघ नव्हताच, त्यामुळे तो सापडेपर्यंत पंच पठारावर मुक्काम ठोकून राहिले. चोवीस दिवसांनी एका सकाळी पिल्लू उडालं. पाच जणांनी ते पाहिलं नाही, म्हणून दप्तरात ते अजून घरट्यात उपाशीच बसलेलं आहे.

ते जगलं, कारण सगळे तिथून उठून गेले. या सगळ्यांत, वाचकहो, तुम्हीही आलात. चार दिवस तुम्हीसुद्धा तिथंच मान वर करून उभे होतात, आणि 'चला, घरी जाऊ' असं तुमच्याही तोंडून निघालं नाही. आताही पिल्लू कुठे गेलं हे तुम्ही विचारत नाही. तुम्हाला जाणून घ्यायचंय, पुढे तो वाघ सापडला का!