आनंदाची प्रमाणवेळ

आनंद ही नाशवंत वस्तू आहे. ती वेळेत पोहोचली नाही तर वाटेतच तिची बातमी होते, आणि बातमी ऐकून आजवर कुणी सोफ्यावरून उडी मारलेली नाही. दूध नासू नये म्हणून माणसाने शीतगृहे बांधली, फळे दबू नयेत म्हणून खोक्यांत पेंढा भरला; आनंदाच्या वाहतुकीचे काम मात्र त्याने इंटरनेटवर सोपवले आणि स्वतः रिमोट शोधत बसला.

या क्षेत्रातली एकमेव पद्धतशीर सुधारणा ज्या चौमजली इमारतीत घडून आली, तिच्या दुसऱ्या मजल्यावर मापकाका राहत. वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले ते निरीक्षक. नोकरीत असताना ते दुकानात शिरले की तराजूचे काटे आपोआप सरळ होत (असे तेच सांगत). निवृत्तीनंतर मोजायला काही उरले नाही, म्हणून लिफ्टच्या दाराला मिटायला लागणाऱ्या वेळापासून शेजाऱ्यांच्या शिंकांपर्यंत मिळेल ते ते मोजत. त्यांच्या पत्नीने जन्मात काही मोजले नव्हते, तरी इमारतीने त्यांना मापकाकू करून टाकले होते.

काकूंना फुटबॉलचे वेड होते. एरवी इतक्या हळू बोलणाऱ्या की भाजीवालासुद्धा "काय म्हणालात?" असे दोनदा विचारी. पण गोल झाला की त्या ताडकन उठत आणि अशी काही किंकाळी फोडत की खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी हातून चमचा पडे. काकांना खेळातले ओ की ठो कळत नसे. ते त्या किंकाळीसाठी शेजारी बसत. ती ऐकली की त्यांना आपले लग्न कालच झाल्यासारखे वाटे. हे त्यांनी काकूंना कधी सांगितले नाही, कारण ही गोष्ट कोणत्या एककात सांगायची ते त्यांना ठाऊक नव्हते.

मग घरातली जुनी केबल गेली आणि टीव्ही नेटवर आला.

भिंतीपलीकडे दंतवैद्य राहत. त्यांचे नेट इमारतीत सर्वांत वेगवान. पहिल्याच सामन्यात भिंतीतून "गोऽऽल!" अशी आरोळी आली, तेव्हा काकूंच्या पडद्यावर चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर होता आणि कुणाच्याही मनात तसे काही नव्हते. पाठोपाठ इकडेही गोल आला, पण तो निराळा: पडद्याच्या मधोमध गरगर फिरणारा. तो फिरून दमल्यावर खरा गोल झाला. काकू बसल्या बसल्या म्हणाल्या, "हो, कळलं मघाशीच."

त्या मोसमात किंकाळी एकदाही झाली नाही. घरातून काहीतरी चोरीला गेले आहे आणि त्याची तक्रार कोणत्या चौकीत करायची ते कळत नाही, असे काकांना होऊन गेले. त्यांनी घड्याळ लावून फरक मोजला. तो अडतीस सेकंद भरला.

नेटवाल्याने जाताना एक छापील कागद देऊन ठेवला होता: 'सर्वसाधारण अडचणी व उपाय'. काकांनी तो कायद्याच्या कलमासारखा पाळला. नेटचे खोके बंद करून चालू केले. टीव्ही बंद करून चालू केला. दोन्ही एकदम बंद करून, मनात दहा आकडे मोजून, चालू केले. खोके फ्रिजमागून काढून उंच जागी ठेवले (घरात उंच जागा एकच होती, तिथल्या सासऱ्यांच्या तसबिरीला खाली यावे लागले). मायक्रोवेव्ह चालवणे थांबवले. वायरी काढून, पुसून, पुन्हा खोचल्या. पाहुण्यांचे मोबाईल दारातच काढून घेण्यास सुरुवात केली, त्यामुळे पाहुणे कमी झाले. तेवढा फायदा कागदात नमूद नव्हता. हे सर्व केल्यावर फरक एक्केचाळीस सेकंदांवर गेला.

शेवटी नेटवाला स्वतः आला.

"काका, थेट प्रक्षेपण म्हणजे कसं," तो म्हणाला, "तिकडून थेट निघतं. पोचताना रस्ता बघून पोचतं."

"मग डॉक्टरांकडे आधी कसं पोचतं?"

"त्यांचा प्लॅन मोठा आहे ना."

"मग मलाही मोठा द्या."

"तुमचा मोठाच आहे हो. त्यांचा त्याहून मोठा आहे."

काकांनी हात टेकले. पण सरकारी नोकरीत आयुष्य काढलेला माणूस हात फार वेळ टेकून ठेवत नाही. आपली बाजू उचलता येत नसेल तर समोरची दाबावी, असा सरळ विचार त्यांनी केला (याच युक्तीबद्दल त्यांनी हयातभर दुकानदारांना नोटिसा दिल्या होत्या) आणि इमारतीच्या समितीकडे अर्ज केला.

समितीचे सचिव व्यवसायाने पडदेवाले होते. त्यांना ठराव मांडण्याचा मनापासून शौक होता, पण पाण्याची टाकी धुण्यापलीकडे विषय मिळत नसे. काकांच्या अर्जाने त्यांचे डोळे पाणावले. पाहणी झाली. सोळा घरांत सोळा वेगवेगळे वर्तमानकाळ चालू असल्याचे आढळून आले. एका गोलावर इमारत वरखाली पाऊण मिनिट ओरडत असे. तळमजला निराश होऊन झोपायला निघालेला असताना वरचा मजला नाचत असे. अशाने समाज टिकत नाही, असे सचिवांनी प्रास्ताविकात म्हटले, आणि पुढील नियमावली एकमताने मंजूर झाली:

गोल झालेला दिसला तरी तो झाला असे समजू नये. ज्या घरी प्रक्षेपण सर्वांत उशिरा पोहोचते ते घर 'प्रमाणघर' समजावे. प्रमाणघराने गोल स्वतःच्या डोळ्यांनी पाहून जिन्यात घंटा वाजवावी. घंटेनंतर सर्वांनी एकाच वेळी, मनापासून व उत्स्फूर्तपणे आनंद व्यक्त करावा. घंटेपूर्वी दात दिसल्यास तो आनंद धरला जाईल. (या कलमाला दंतवैद्यांनी व्यावसायिक कारणास्तव हरकत घेतली, ती नोंदवून घेऊन फेटाळण्यात आली.) भंग करणाऱ्या घराने पुढची अख्खी स्पर्धा आवाज बंद करून पाहावी. दुःखाला हे नियम लागू नाहीत. ते ज्याने त्याने आपापल्या नेटच्या वेगाने करावे.

सर्वांत उशीर मापकाकांच्या घरी होत असल्याने पहिले प्रमाणघर त्यांचे ठरले, आणि पितळी घंटा समारंभपूर्वक त्यांच्या स्वाधीन झाली.

नियमावलीनंतरच्या पहिल्या सामन्याला भिंत गप्प होती. पलीकडे दंतवैद्य ओठ आत ओढून, डोळे मिटून बसले होते. त्यांना सारे कळले होते, पण कायद्याने कळलेले नव्हते. इकडे चेंडू जाळ्यात गेला. काकूंचा श्वास आत गेला, हात खुर्चीच्या दांड्यावर आवळले, आणि त्या उठल्या.

"थांब, थांब!" काका ओरडले. "आधी घंटा!"

घंटा बशांच्या मांडणीमागे गेली होती. ती सापडून, जिन्यात नेऊन, वाजवून काका परत येईपर्यंत सगळी इमारत आनंदाने दणाणत होती आणि काकू पुन्हा बसल्या होत्या.

"पुढच्या गोलाला हाताशी ठेवतो," काका म्हणाले.

पुढच्या गोलाला त्यांनी ती हाताशी ठेवली. पण एव्हाना त्यांना घंटेची चटक लागली होती. वजनमापे खात्यात त्यांना पाहून लोक घाबरत. इथे त्यांच्या एका टोल्याबरोबर सोळा घरे आनंदी होत. जिन्यात माणसे अदबीने विचारू लागली, "काका, आज गोल कधी करताय?" कुणी त्यांच्या आधी हसत नसे. किंकाळीचा विषय आता मागे पडला होता. ती पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत घेऊ, असे त्यांनी मनाशी ठरवले.

आणि तिथेच माशी शिंकली. तिसऱ्या मजल्यावरच्या विमावाल्यांनी आपल्याकडे उशीर अधिक असल्याचा दावा लावला. मोजमाप झाले. काका साडेतीन सेकंदांनी हरले. घंटा तिसऱ्या मजल्यावर गेली.

तीन दिवस काकांना जेवण गोड लागले नाही. मग त्यांनी तो 'सर्वसाधारण अडचणी व उपाय' कागद पुन्हा काढला आणि खालून वर वाचायला घेतला. कागद उलट दिशेनेही तितकाच उपयोगी निघाला, किंबहुना जास्तच. खोके उंचावरून काढून पत्र्याच्या ट्रंकेत घातले. ट्रंक फ्रिजमागे सरकवली. मायक्रोवेव्हमध्ये पाण्याचा पेला ठेवून तो सामना संपेपर्यंत फिरवत ठेवला. ज्या पाहुण्यांचे मोबाईल काढून घेतले जात, त्यांना आता आग्रहाने बोलावून, सोफ्यावर बसवून, मोठमोठे सिनेमे उतरवून घ्यायला सांगितले. उशीर दोन मिनिटांवर गेला आणि घंटा परत आली.

मग विमावाल्यांनी पत्र्याची दोन कपाटे आणली. मग काकांनी वायर दाराच्या फटीत चेमटवली. इमारतीत वेगवान नेट असणे लाजिरवाणे मानले जाऊ लागले. दंतवैद्यांच्या मुलीचे जमत आलेले लग्न याच मुद्द्यावर अडले, असे बोलले जाते. काकूंच्या पडद्यावर आता माणसांऐवजी रंगीत चौकोन धावत.

"हा आपला गोलकीपर आहे का हो?" एकदा काकूंनी विचारले.

"ते महत्त्वाचं नाही. चार मिनिटं झाली आपली, चार!"

"बरं," काकू म्हणाल्या.

शहराचा संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोहोचला. त्याच आठवड्यात विमावाल्यांनी शेवटचा डाव टाकला. त्यांनी नेट तोडूनच टाकले. सामना त्यांचा मेव्हणा स्वतःच्या घरी टीव्हीसमोर मोबाईल धरून तुकड्यातुकड्याने टिपणार, आणि ते तुकडे विमावाल्यांच्या जुन्या फोनवर जसे उतरतील तसे ते बघणार. काकांनी हरकत घेतली. समितीने निर्णय दिला की प्रक्षेपण पोहोचते आहे, उशिरा का होईना, तेव्हा नियमाचा भंग होत नाही. घंटा पुन्हा वर गेली.

सामन्याच्या दिवशी दुपारी काकू दंतवैद्यांकडे जाऊन कापूस मागून आल्या. संध्याकाळी टीव्ही लावला आणि तो कापूस दोन्ही कानांत घालून खुर्चीत बसल्या. (हा उपाय छापील कागदात कुठेही नव्हता. समितीपुढेही तो कधी आला नाही. कापसाला ठरावाची गरज लागत नाही.)

काकांचे लक्ष छताकडे होते. बाहेर एकाएकी गाड्यांचे भोंगे वाजू लागले, रस्त्यावर माणसे धावत सुटली, समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून फटाके उडाले. नियमाला धरून सोळाही घरांच्या खिडक्या पटापट बंद झाल्या आणि आत चेहरे गंभीर करण्यात आले. काकूंना यातले काही ऐकू आले नाही. त्या चौकोनांकडे बघत होत्या.

आणि का कोण जाणे, चौकोन विरघळले. पडदा लख्ख झाला. चेंडू, पाय, जाळे, सारे जिथल्या तिथे दिसले आणि गोल झाला.

काकू ताडकन उठल्या. किंकाळी आली. तीच, जुनी, पूर्ण मापाची. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी हातून चमचा पडला. काकांच्या अंगावर काटा आला. दोन वर्षे जिच्यासाठी ते खोकी हलवत होते, अर्ज करत होते, ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. आणि तो हात त्यांनी पुढे करून काकूंच्या तोंडावर दाबला.

"अगं, हळू! वरून घंटा व्हायचीय अजून!"

काकू हातावरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो हात बाजूला केला, कानांतला कापूस काढला आणि खाली बसल्या.

"काय म्हणालात?"

काकांनी पुन्हा सांगितले.

"बरं," काकू म्हणाल्या. "झाली की सांगा." आणि त्या आत निघून गेल्या.

घंटा त्या दिवशी झाली नाही. विमावाल्यांच्या फोनवर शेवटचा तुकडा नव्व्याण्णव टक्क्यांवर अडकला, तो अजून तिथेच आहे. त्यामुळे शहराचा संघ जिंकल्याचे त्या इमारतीत अद्याप अधिकृतपणे कुणाला ठाऊक नाही, आणि सोळाही घरे संयमाने वाट पाहत आहेत. मापकाका आयुष्यभर सचोटीने वागलेले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या घराविरुद्ध तक्रार दिली आणि शिक्षा मान्य केली. नवी स्पर्धा सुरू झाली आहे. काकू आवाज बंद करून सामने बघतात. गोल झाला की विणकाम खाली ठेवून पडद्याकडे नीट पाहतात आणि पुन्हा विणायला घेतात. काका अजून शेजारी बसतात. आता त्यांनी मोजायचे सोडले आहे. ते नुसते कान देऊन बसतात.

इथपर्यंत वाचताना तुम्हाला मापकाकांचे हसू आले असेल, तर ते रास्तच आहे. मधल्या काळात शेजारच्या खोलीतून कुणीतरी "लवकर या, हे बघा काय झालं!" म्हणून हाक मारली होती, आणि तुम्ही मान वर न करता "थांब, एवढं संपू दे" म्हणालात. संपले. आता जाऊन बघा. काय झाले होते ते बहुतेक नीट सांगतील. आवाज मात्र चढणार नाही.