टिकली भीमराव, अर्जदार

साहेब, कुत्री तुम्ही बिघडवलीत. तुमचं नाव घेत नाही. घेतलं तर ते तुमचंच आहे याचा पुरावा तुम्ही तीन प्रतींत मागाल. पण युरोपातल्या त्या मैदानावर दहा हजार माणसांसमोर जे घडलं, ते तुमच्या कार्यालयात शिजलं होतं. अहवालात तुम्ही ‘प्राण्याच्या स्वभावदोषामुळे’ असं लिहून मोकळे झालात. स्वभाव तिचा नव्हता, तुमचा होता. आता पहिल्यापासून ऐका. घाई नसतेच तुम्हाला.

हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीच्या तीन नंबर गेटवर भीमराव खोब्रागडे नावाचा सुरक्षारक्षक होता. मूळचा भंडाऱ्याकडचा. पुण्यात एकोणीस वर्षं काढली तरी त्याच्या बोलण्यातला ‘जी’ गेला नव्हता आणि पुण्याने तो काढून घ्यायची तसदीही घेतली नव्हती. गेटातून रोज चार हजार माणसं आत जात. तो त्यांची ओळखपत्रं बघे, त्याला कुणी बघत नसे. गळ्यात पट्टा नसलेला त्या गेटवर एकच जीव होता, आणि ती कुत्री होती.

तिच्या कपाळावर काळा ठिपका होता म्हणून ती टिकली. भीमरावच्या केबिनखाली राहायची, त्याच्या डब्यातली अर्धी पोळी खायची आणि संध्याकाळी सहाला रस्त्यापलीकडच्या अंडाभुर्जीच्या गाडीवर जाऊन साडेसहाला परत यायची. आता संध्याकाळी सहाला हिंजवडीचा रस्ता ओलांडणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्याला सांगायला नको, आणि ज्याला जमलं नाही तो सांगायला उरला नाही. टिकली दोन बसच्या फटीतून निघायची, दुभाजकावरून उडी घ्यायची. गटाराच्या कामासाठी चार वर्षांपूर्वी आणून टाकलेले आणि तेव्हापासून कामाची वाट बघणारे सिमेंटचे पाइप होते, त्यातून सुसाट पार व्हायची. दुचाक्या फुटपाथवर चढू नयेत म्हणून ठोकलेल्या लोखंडी खांबांमधून, दुचाक्यांच्याच मागोमाग, नागमोडी जायची. गटारावरची फरशी डुगडुगायची, तिचं एक टोक खाली टेकेपर्यंत तोल धरून थांबायची. नागरी सुविधांचा इतका पुरेपूर लाभ शहरात दुसऱ्या कुणी घेतला नसेल.

हे दीपालीने बसच्या खिडकीतून पाहिलं. दीपाली कंपनीत तिसऱ्या मजल्यावर टेस्टर होती, आणि बस पाऊण तास एकाच जागी उभी असल्याने तिला व्हिडिओ काढायला निवांत वेळ मिळाला. तिने शोधाशोध केली तेव्हा कळलं, की परदेशात याच उद्योगाला खेळ म्हणतात, अजिलिटी म्हणतात, आणि त्याची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. तिथे गावठी कुत्रीही चालतात; वेळ आणि चुका मोजतात, खानदान मोजत नाहीत. तिने व्हिडिओ पाठवला. पंधरा दिवसांत आमंत्रण आलं.

भीमरावने सगळं दोनदा समजून घेतलं. मग म्हणाला, “म्हंजे रस्ता वलांडतानी करते, थेच?”

“तेच, काका. फक्त तिथे बस नसते.”

“मंग त सोपं हाये.”

“पण तिच्या बाजूने माणसालाही पळावं लागतं. हात लावायचा नाही, नुसतं बोलायचं आणि पळायचं. तुम्ही पळाल?”

एकोणीस वर्षं उभं राहण्याचा पगार घेतलेल्या माणसाला कुणीतरी पळायला बोलावत होतं. दुसऱ्या दिवसापासून तो ड्यूटी संपल्यावर गेटापासून चौकापर्यंत पळू लागला, बूट हातात घेऊन, कारण बूट सुरक्षा एजन्सीचे होते. कंपनीनेही प्रसिद्धीच्या हिशेबाने प्रवासाचा खर्च उचलला. राहिलं होतं फक्त एक प्रमाणपत्र, तुमचं, साहेब. खेळासाठी परदेशी जाणाऱ्या प्राण्याला तुमच्या कार्यालयाची हरकत नाही, असं सांगणारं.

त्या खिडकीमागे तुमचे रावसाहेब बसत. हे त्यांचं नाव होतं, आणि वागणूकही. त्यांनी अर्ज उलटा करून पाहिला.

“अर्जदार कोण?”

“मी जी. भीमराव.”

“परदेशी खेळणार कोण?”

“टिकली.”

“मग अर्जदार ती. अर्जदाराने समक्ष यायचं असतं. नियम वाचलाय का?” नियम कपाटात होता, आणि किल्ली रजेवर गेलेल्या कारकुनाकडे होती.

दुसऱ्या दिवशी भीमराव टिकलीला दोन बस बदलून, पोत्याच्या पिशवीत घालून, फक्त डोकं बाहेर ठेवून घेऊन आला. रावसाहेबांनी तिला टेबलावर ठेवायला सांगितलं. फोटोशी चेहरा पडताळायचा होता. टिकली टेबलावर बसली. रावसाहेबांनी चहा घेतला, फाइल उघडली, फाइल मिटली आणि म्हणाले, “उद्या या.” टिकली उतरली.

उद्या पत्त्याचा पुरावा निघाला. टिकलीचा पत्ता म्हणजे केबिनखाली. एका कार्यालयाने सांगितलं, ते गेट आमच्या हद्दीत येत नाही. दुसऱ्याने सांगितलं, गेट आमचं आहे पण कुत्री पलीकडची आहे. दोन्ही पत्रं जोडली तेव्हा रावसाहेबांनी निष्कर्ष काढला की अर्जदार कुठेच राहत नाही, सबब ती परदेशी जाऊ शकत नाही, कारण जायला आधी कुठेतरी असावं लागतं. मग वडिलांचं नाव.

“माहीत नाही जी,” भीमराव म्हणाला. “पण पळनार थे हाये, बाप नाही.”

“अहो, वंशावळीचा रकाना आहे तो. मोकळा सोडून कसं चालेल? तुम्हाला काय, तुम्ही उद्या म्हणाल माणसांनाही विचारू नका.”

भीमरावच्या पोराचं जातीचं प्रमाणपत्र पडताळणीत पडून तेव्हा तिसरं वर्ष चालू होतं. तो फक्त हसला. हसण्याला रकाना नव्हता.

त्याच सुमारास एक गृहस्थ आपल्या लॅब्राडोरसाठी त्याच खिडकीवर आले. त्या कुत्र्याचं धावणं सोफ्यापासून वाडग्यापर्यंत, पण त्याच्याकडे आजोबांपासून कागद होते, सोसायटीचं पत्र होतं आणि सेक्रेटरीची सही होती. त्याला चार दिवसांत प्रमाणपत्र मिळालं. अर्जदार समक्ष आला का, हे कुणी विचारलं नाही. तो खाली गाडीत एसी लावून झोपला होता.

अकरा महिने गेले. खेपा चौऱ्याण्णव झाल्या. भीमरावने पाळी बदलून घेतली, मग रजा संपवल्या, मग बिनपगारी झाला. पळायचा सराव बसस्टॉप ते कार्यालय एवढाच उरला. टिकलीचं मात्र शिक्षण चालू होतं. आता तिला उचलावं लागत नसे. ती स्वतःच खिडकीमागे जाई, टेबलावर चढे, पुढचे पाय जुळवून बसे आणि रावसाहेबांकडे बघत राही. चहा आला, हलत नसे. बिस्किट फुटलं, हलत नसे. भीमरावने हाक मारली तरी नसे. ‘उद्या या’ हे दोन शब्द कानावर पडले की मान खाली घालून उतरे आणि सरळ दाराबाहेर. रावसाहेब कौतुकाने म्हणायचे, “इतका समंजस अर्जदार माझ्या नोकरीत पाहिला नाही.”

शेवटी दीपालीने हे सगळं इंटरनेटवर टाकलं, एका वर्तमानपत्राने छापलं, आणि निघायच्या दोन दिवस आधी प्रमाणपत्र धावत आलं. पत्ता, ‘प्रवासात’. वडिलांचं नाव, ‘भीमराव’. दीपाली चिडली. भीमरावने कागद दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाला, “राहू दे बेटा. पोरीले बापाचं नाव लागलं त काय बिघडलं?”

सोबत अटही आली. परदेशातल्या अडथळ्यांचा अभ्यास करण्यासाठी कार्यालयाचं सात जणांचं शिष्टमंडळ कंपनीच्या खर्चाने जाईल. त्यामुळे माणसं आठ झाली आणि कंपनीने दिलेली तिकिटं सातच. सर्वानुमते भीमरावला वगळायचं ठरत आलं होतं, पण कुत्री विमानतळावर इतर कुणाकडूनही पिंजऱ्यात जाईना, म्हणून एका उपसंचालकांना देशात राहूनच अभ्यास करावा लागला. रावसाहेब गेले. दीपाली स्वतःच्या पैशाने गेली.

आणि साहेब, ती काय पळाली! शिट्टी झाली तशी भुर्जीच्या गाडीवर निघाल्यासारखी सुटली. आडव्या काठ्यांवरून पाण्यासारखी गेली, एकही पाडली नाही. बोगद्यात शिरली आणि आपण शिरलो हे बोगद्याला कळायच्या आत बाहेर. उभ्या काठ्यांतून नागमोडी, सी-सॉवर तोल धरून. बाजूने भीमराव पळत होता, या वेळी बूट पायात घालून, पोट सावरत, “चाल बेटा, चाल बेटा” म्हणत. सगळ्यात जलद कुत्र्याच्या ती अडीच सेकंद पुढे होती. कंपनीच्या तिथल्या ऑफिसात कामाला पाठवलेली चाळीसेक पुणेकर मंडळी झेंडे घेऊन आली होती. ती खुर्च्यांवर उभी राहिली. आता फक्त चार अडथळे.

त्यातला पहिला टेबल होता.

नियम साधा. कुत्र्याने टेबलावर चढून पाच सेकंद थांबायचं, पंचांनी आकडे मोजायचे, मग उतरून पुढे पळायचं. टिकली चढली. पुढचे पाय जुळवून बसली. पंच बाईंनी पाच मोजले आणि हात केला.

टिकली बसून राहिली.

“चाल बेटा,” भीमराव म्हणाला. ती टेबलामागे बघत होती. तिथे खुर्ची नव्हती, चहा नव्हता, कुणी नव्हतं. म्हणजे जागेवर नाहीत, येतील. तिने अकरा महिन्यांच्या सवयीने वाट बघायला सुरुवात केली. दहा सेकंद. वीस. पंच बाई थक्क होऊन बघत राहिल्या. इतकं पक्कं बसणारं कुत्रं त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. भीमरावने चुचकारलं, टाळ्या वाजवल्या, खाली बसून हात जोडले. हात लावला की बाद.

मग त्याला उमगलं. तिला उतरवणारे शब्द त्याला पाठ होते. ते ऐकून ती पुढच्या उडीकडे जाणार नाही, दाराकडे जाईल, हेही पाठ होतं. त्याने एकदा वर पाहिलं. रावसाहेब पहिल्या रांगेत बसून आइस्क्रीम खात होते. घड्याळ चालू होतं, आणि पोरगी टेबलावर ताटकळली होती. बापाला ते बघवेना.

“उद्या या,” भीमराव म्हणाला.

टिकली उतरली. मान खाली घालून, उरलेल्या तीन अडथळ्यांना वळसा घालून, शांतपणे मैदानाच्या दाराबाहेर गेली. पण खरा खेळ पुढेच झाला. भीमरावच्या शर्टाला माइक लावला होता, त्यामुळे ते दोन शब्द सगळ्या स्टेडियमभर घुमले. आणि ती चाळीस पुणेकर मंडळी उठली. झेंडे गुंडाळले, पिशव्या उचलल्या, आणि काहीही न विचारता दाराकडे रांग लावली. दीपाली जिन्याच्या सहाव्या पायरीवर पोचली तेव्हा तिला कळलं की आपण उठलोय.

परत आल्यावर शिष्टमंडळाने अहवाल दिला, की हार प्राण्याच्या स्वभावदोषामुळे झाली, आणि टेबल हा अडथळा उत्तम असून तो कार्यालयांत कायम ठेवावा. भीमराव पुन्हा गेटवर उभा राहिला. पुढच्या वर्षीचं आमंत्रण आलं. प्रमाणपत्र एका प्रवासापुरतंच असल्याने तो पुन्हा अर्ज घेऊन आला, आणि त्याने एकच मागितलं.

“या खेपेले तिले टेबलावर नोका बसवू जी. तेवढं लिहून द्या.”

रावसाहेबांनी चहा घेतला. फाइल उघडली. फाइल मिटली.

“उद्या या.”

टिकली उतरून दारात गेली. भीमराव उठला नाही. खुर्ची धरून बसून राहिला. “आज सांगा जी,” म्हणाला. “उद्या तिचं वय झालं राहील.”

रावसाहेबांना उत्तर द्यायची गरजच पडली नाही. मागच्या रांगेतून आवाज आला, “अहो काका, उद्या या म्हणाले ना? उठा की. आम्हालाही आमचं ‘उद्या’ घ्यायचंय.” सगळी रांग हसली.

साहेब, तुमचं उत्तर माहीत आहे, ते नको. उत्तर हवंय ते रांगेकडून. तिथे हातात फाइल घेऊन आपण उभे होतात, वाचकहो, आणि आपण हसलात. टिकलीला टेबलावरून मुकाट उतरायला शिकायला चौऱ्याण्णव खेपा लागल्या. आपल्याला किती लागल्या? सांगा. आणि आज सांगा.