झुलालआप्पा आणि लष्करातून निवृत्त झालेला ट्रक

झुलालआप्पांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही. "जरा चालून दाखव," म्हणाले. बमरोलीच्या आमच्या चाळीत मी नुकताच राहायला आलो होतो, ट्रंकसुद्धा अजून हातातच होती. पण माणूस वयाने मोठा, आवाजात हुकूम, म्हणून मी दारापासून नळापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. आप्पांनी डोळे मिटून माझ्या चपलांचा आवाज ऐकला. "डाव्या गुडघ्यात थोडा प्ले आहे, सांधा ढिला," त्यांनी निकाल दिला. "आत्ता काही नाही, पन्नाशीत जाणवेल." मग नाव विचारलं.

आप्पा मूळचे खानदेशातले. सुरतेत लूमच्या कारखान्यात मास्टर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. आयुष्यभर खडखडाटात उभं राहून दुसऱ्या कोणाचे कान गेले असते. आप्पांचे उलटे तयार झाले होते. एकदा डॉक्टरांनी त्यांच्या छातीला नळी लावली, तर आप्पांनीच विचारलं, "घर्र आहे की घों?" डॉक्टर म्हणाले, "खोकला आहे." आप्पा म्हणाले, "ते मला माहीत आहे. आवाज कोणता ते सांगा."

घरात आणि रागात ते अहिराणी बोलत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "माले समजी गयं!" म्हणजे मला समजलं. इतर लोक हे वाक्य विचार संपल्यावर म्हणतात, आप्पा सुरू करतानाच म्हणत.

कारखाना बंद झाला तेव्हा आम्हाला वाटलं, हातात आलेल्या फंडातून आप्पा रिक्षा घेतील, नाहीतर किराणा मांडतील. आप्पांनी लष्कराच्या लिलावातला ट्रक आणला. हिरवागार, उंच, पुढच्या चाकांनाही जोर देणारा. तो चाळीसमोरच्या मोकळ्या जागेत उभा राहिला आणि समोरच्या घरांमधला उजेड गेला.

आप्पांना गाडी चालवता येत नव्हती.

"चालवायला शांताराम आहे," ते म्हणाले. शांताराम आमच्याच चाळीतला ड्रायव्हर. शांत, हडकुळा, दिवसाला मोजून चार वाक्यं बोलणारा. त्यातलं एक त्याने पहिल्याच फेरीनंतर खर्च केलं. "आप्पा, गाडी हादरते."

हादरत होती हे खरं. हळू चालली की राजासारखी चाले. वेग वाढला की खालून घुमायला लागे आणि पाठीमागच्या हौद्यात बसलेल्या माणसाचे दात वाजत. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण तो माणूस मी होतो. मी डाइंग मिलमध्ये टाइमकीपर. रविवारी घरीच असतो, एवढ्या लायकीवर आप्पांनी मला कान म्हणून नेमलं होतं.

"माले समजी गयं!" आप्पा म्हणाले. "इंजिन."

इच्छापोरच्या रस्त्यावर शांतारामने वेग घेतला आणि आप्पांच्या इशाऱ्यावर गिअर काढून गाडी नुसती वाहू दिली. इंजिन जवळजवळ गप्प झालं, हादरा तस्साच राहिला. दुसरा कोणी वरमला असता. आप्पा खूश झाले. "इंजिन निर्दोष सुटलं! एक संशयित कमी."

मग चाकांवर संशय आला. पुढची मागे, मागची पुढे केली. चाकंही निर्दोष सुटली. मग मागच्या आसाच्या मधला तो मोठा गोल डबा, ज्यात चाकं फिरवणारे दाते असतात, तो उघडला. अर्धी चाळ काळ्या तेलाने माखली. दाते नव्यासारखे निघाले.

"सगळे दात शाबूत आहेत का? मग एक ह्यांना लावा," खिडकीतून इंदूवहिनी म्हणाल्या. ह्यांना म्हणजे आप्पांना, नवऱ्याला. वहिनींची बाज कायम खिडकीपाशी असे. काही वर्षांपूर्वी कारखान्याच्या जिन्यावरून पडल्या आणि पाठ गेली. घरात चार पावलं चालत, पण बसायचं म्हटलं की थोड्याच वेळात कळ यायची. त्यामुळे जगाशी त्यांचा सगळा व्यवहार आडव्यानेच चाले. जीभ मात्र उभी होती.

आप्पा हसले. वहिनींच्या टोमण्यावर ते नेहमीच हसत.

याच सुमारास कंत्राटदार महेशभाई स्कूटरवरून आले. हजिरा रोडवर बांधकामं जोरात होती, त्यांना रेती वाहायला ट्रक हवा होता. आप्पांनी हादऱ्याचं सांगितलं, तर ते हसायला लागले. "अरे झुलालभाई, रेती थोडी बोलवानी छे के मने आंचका लागे छे? सोमवारथी मोकली आपो." रेती काही धक्क्यांची तक्रार करत नाही, सोमवारपासून ट्रक पाठवा, इतकं सरळ.

"ही अशी गाडी मी देणार नाही," आप्पा म्हणाले.

"तो हुं बीजाने आपी दऊं?"

"द्या दुसऱ्याला."

स्कूटर गेली. चाळीतल्या सगळ्यांनी आप्पांना वेड्यात काढलं, त्यात मीही होतो. फंड ट्रकमध्ये गेलेला, दारात चालून आलेलं काम, आणि हा माणूस घों-घों करणाऱ्या आवाजासाठी ते परत पाठवतो. आप्पा तोवर ट्रकखाली शिरलेही होते. फक्त पाय दिसत होते. खालून आवाज आला, "टाइमकीपर, पाना दे."

आता त्यांनी पुढच्या चाकांकडे जोर नेणारा लांब लोखंडी दांडा, प्रोपेलर शाफ्ट, काढून टाकला. फेरी मारली. हादरा गायब! शांतारामने चक्क दुसरं वाक्य उच्चारलं. "आप्पा, हा काढूनच ठेवा. पक्क्या रस्त्यावर पुढच्या चाकांना जोर कशाला?"

"पाहिजे."

"सुरतेत कुठे चिखलात जायचंय?"

आप्पांनी तोवर पाना उचलला होता. दांड्याच्या टोकांचे सांधे झिजले असतील म्हणून नवे आणून बसवले. दांडा चढवला, फेरी मारली आणि हादरा पुन्हा माझ्या दातांत हजर झाला. त्या दिवशी प्रथमच आप्पांनी कोणाला निर्दोष सोडलं नाही. जेवायलाही लवकर गेले नाहीत.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा दांडा विटांवर ठेवलेला होता आणि आप्पा रॉकेलच्या फडक्याने त्याचा हिरवा रंग खरवडत होते. लिलावाआधी कोणीतरी सगळ्यावर जाड रंग फासला होता. दांडा दोन तुकड्यांचा होता, एक दुसऱ्यात सरकणारा. रंगाखालून एका तुकड्यावर कोरलेला बाण निघाला. थोड्या वेळाने दुसऱ्या तुकड्यावरही निघाला. दोन्ही बाण एका ओळीत हवे होते. इथे एक आभाळाकडे बघत होता, दुसरा शांतारामच्या घराकडे. कोणीतरी तो कधीतरी उघडून चुकीचा जोडला होता आणि त्यामुळे दांडा फिरताना झटके खात होता.

मी 'माले समजी गयं'ची वाट बघत राहिलो, पण ते आलंच नाही. दांडा ओढून सुटा केला, बाणाला बाण लावला, परत सरकवला. मग बोट बाणांवरून दोनदा फिरवलं.

फेरीला निघताना त्यांनी हौद्यात सतरंजी अंथरली. "आडवा हो," मला म्हणाले.

"आप्पा, आवाज बसूनही ऐकू येतो."

"आडवा हो म्हटलं ना."

मी झोपलो. शांतारामने वेग घेतला, आणखी घेतला. खालून नुसती रस्त्याची सळसळ. आप्पा फळीला धरून उभे होते आणि पुन्हा पुन्हा विचारत होते, "पाठीला काही लागतं का? कंबरेला? खरं सांग हां."

काहीच लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला कामाला कडोदऱ्याला जायचं होतं. आप्पा म्हणाले, "आम्ही त्याच रस्त्याने चाललोय, चल." सकाळी खाली उतरलो, तर हौद्यात वहिनींची बाज होती, चारही कोपऱ्यांना सायकलच्या ट्यूबांनी टांगलेली. वहिनी त्यावर नवी साडी नेसून आडव्या होत्या आणि डोळे पुसत होत्या.

त्यांचं माहेर नवापूरच्या पलीकडे. एसटी जाते, पण एसटीत बसावं लागतं. आणि गावाच्या अलीकडे नदी आहे, तिच्यावर पूल नाही. साधी गाडी तिथे वाळूत रुतते. पाठ गेल्यापासून वहिनींनी आईला पाहिलं नव्हतं.

"ॲम्ब्युलन्सने नेतो म्हणाले होते हे," वहिनी मला म्हणाल्या. "मी म्हटलं, ॲम्ब्युलन्स दारात आली तर आई बघायच्या आधीच ऊर बडवून घेईल. नंतर हा रणगाडा घेऊन आले."

"ट्रक आहे," आप्पा म्हणाले. "नंतर धंदाही होईल."

झालाही. महेशभाईंचं काम गेलं ते गेलंच, पण पुढे दुसरं मिळालं आणि तो ट्रक हजिरा रोडवर बरीच वर्षं धावला. पण त्या दिवशी रेती नव्हती. आप्पा शांतारामशेजारी केबिनमध्ये बसले नाहीत, हौद्यात बाजेच्या कडेला बसले, एक हात बाजेच्या पायावर ठेवून. वहिनी वरून जाणाऱ्या फांद्या आणि विजेच्या तारा बघत होत्या. "ती बघा, घार," त्या म्हणत. "तो बघा, केवढा वड." आप्पा वर बघतच नव्हते. त्यांची नजर वहिनींच्या कपाळावर होती, आठी पडते का ते पाहत.

कडोदऱ्याला गाडी थांबली. केबिनच्या मागच्या झरोक्यातून शांतारामने विचारलं, "आप्पा, कशी चाललीय?"

आप्पांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं. वहिनींना झोप लागली होती. मी चपला हातात घेतल्या आणि खाली उतरलो.